एपी केमिस्ट्री: पॉलिसीच्या कागदावर सही करण्याआधी

न्यू जर्सीतल्या एका आईचं पत्र आहे. त्यांची मुलगी यंदा दहावीत आहे, ऑनर्स (वरच्या पातळीच्या) केमिस्ट्रीत तिला ए-मायनस आहे आणि अकरावीला एपी केमिस्ट्री (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय) घ्यावी अशी शिफारस शिक्षकांनी केली आहे. सोबत वर्गाच्या नियमांची पाच पानी पॉलिसी आली आहे आणि त्यावर पालक व विद्यार्थी दोघांनी सही करायची आहे. टेस्टला ६० टक्के, लॅबला २५, क्विझला १०, गृहपाठाला ५. रिटेक नाही. काम एक दिवस उशिरा दिलं तर निम्मे गुण, त्यानंतर शून्य. चुकलेली लॅब आठवड्याच्या आत भरून काढायची. उन्हाळ्याचा अभ्यास वेगळा, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यावर टेस्ट.

त्या लिहितात: "वाचूनच धडकी भरली. आम्ही दोघंही महाराष्ट्र बोर्डाचे, बारावीला केमिस्ट्रीत चांगले गुण होते, पण असा करारनामा कधी पाहिला नव्हता. हा विषय घ्यावा का? पुण्याची माझी मावसबहीण बारावीचे क्लास घेते, तिने झूमवर शिकवलं तर चालेल का? आणि डिसेंबरात नाशिकला भाचीचं लग्न आहे, तीन आठवडे जायचं ठरलंय."

नमस्कार ताई,

विषय जरूर घ्या. ऑनर्समध्ये ए-मायनस आणि शिक्षकांची स्वतःहून शिफारस, एवढ्यावर निर्णय घेता येतो. फक्त एक गोष्ट तपासा: अल्जेब्रा २ झालंय का? एपीच्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने या विषयासाठी एक प्राथमिक केमिस्ट्रीचा कोर्स आणि अल्जेब्रा २ हे दोन्ही आधी झालेले असावेत असं सुचवलं आहे. मुलं या विषयात अडकतात ती बहुतेक वेळा गणितातच. लॉग घ्यायला बिचकतात, किंवा एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये दिलेली असताना हजाराने भागायचं विसरतात आणि उत्तर भलतंच येतं. अल्जेब्रा २ अजून व्हायचं असेल किंवा त्यात सी असेल, तर एक वर्ष थांबून बारावीला एपी घेणं शहाणपणाचं.

आता त्या कागदाकडे वळू. तो कडक वाटतो, कारण तुम्ही तो बारावीच्या सवयीने वाचताय: पाठ करा, लिहा, गुण मिळवा. इथे गुण मिळतात ते कारण लिहून दाखवण्याला आणि प्रयोगाला. त्या पाच पानांतले बहुतेक नियम यातूनच आले आहेत, आणि घरची तयारीही त्याच दिशेने हवी.

मे महिन्यातली परीक्षा सव्वातीन तासांची असते. पहिल्या भागात ६० बहुपर्यायी प्रश्न, ९० मिनिटं, निम्मं वजन. हा भाग आता संगणकावर असतो. दुसऱ्या भागात सात लेखी प्रश्न, १०५ मिनिटं, उरलेलं निम्मं वजन. त्यातले तीन मोठे, प्रत्येकी १० गुणांचे, आणि चार छोटे, प्रत्येकी ४ गुणांचे. एकूण ४६ गुण, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं. मोठ्या प्रश्नाला २३ मिनिटं आणि छोट्याला ९, हे गणित मुलीच्या डोक्यात पक्कं बसायला हवं. या प्रश्नांची उत्तरं हातानेच लिहायची असतात. आवर्त सारणी आणि सूत्रांचा कागद मिळतो, कॅल्क्युलेटर दोन्ही भागांत चालतो, चुकीच्या पर्यायाला गुण कापत नाहीत. पाठांतरावर भिस्त नाही हे एवढ्यावरूनच कळतं.

मग मुलं गुण घालवतात कुठे? एक प्रश्न घेऊ: मॅग्नेशियमची पहिली आयनीभवन ऊर्जा सोडियमपेक्षा जास्त का? आपल्याकडे शिकलेला मुलगा लिहील, "आवर्तात डावीकडून उजवीकडे आयनीभवन ऊर्जा वाढते." वाक्य बरोबर आहे, पण इथे त्याला शून्य गुण, कारण काय घडतं ते सांगितलं, का घडतं ते नाही. अपेक्षित उत्तर असं: दोन्ही अणूंचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन ३एस मध्येच आहे आणि आत दहाच इलेक्ट्रॉन आहेत, म्हणजे आडोसा जवळजवळ सारखा, पण सोडियमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन आणि मॅग्नेशियमच्या केंद्रकात १२, म्हणून आकर्षण जास्त, आणि इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा जास्त. तीन-चार ओळी, पण त्यात कूलोम्बचा नियम (भार जास्त आणि अंतर कमी, तर आकर्षण जास्त) बोलला पाहिजे. उत्कलनबिंदूच्या प्रश्नातही तेच. "रेणू मोठा आहे" म्हणून भागत नाही. इलेक्ट्रॉन जास्त, त्यांचा मेघ सहज विकृत होतो, म्हणून रेणूंमधली लंडन बलं जास्त, असं लिहावं लागतं. आणि पाणी उकळताना हायड्रोजन-ऑक्सिजनचा बंध तुटतो असं कुणी लिहिलं, की तो गुण गेलाच. समतोलाच्या प्रश्नात "ल शातेलिएच्या तत्त्वाने उजवीकडे सरकेल" एवढ्यावर थांबू नये. क्यू (अभिक्रिया भागफल) आणि के (समतोल स्थिरांक) यांची तुलना करून दाखवायची सवय लावावी.

रिटेक नाही याचं तुम्हाला फार वाटतंय. त्यात अन्याय नाही, मेच्या परीक्षेलाही त्या वर्षी रिटेक नसतो. त्याऐवजी एवढं विचारा: टेस्ट तपासून परत मिळते का, आणि चुका दुरुस्त करून दिल्या तर काही गुण परत मिळतात का? बरेच शिक्षक टेस्ट-करेक्शनला थोडे गुण देतात आणि ते पॉलिसीत लिहिलेलं नसतं. गुण मिळोत न मिळोत, दुरुस्ती वहीत लिहून काढायचीच. आणखी एक सवय आजपासून लावा: उपप्रश्न कोरा सोडायचा नाही. पहिल्या उपप्रश्नात आकडा चुकला, पण तोच आकडा घेऊन दुसरा बरोबर रीतीने सोडवला, तर एपीच्या तपासणीत साधारणपणे दुसऱ्याचे गुण मिळतात. अट एकच, पायऱ्या दिसल्या पाहिजेत.

गृहपाठाला फक्त ५ टक्के पाहून मुलं तो सोडून देतात किंवा मैत्रिणीचा उतरवतात. या पॉलिसीतला सर्वांत फसवा आकडा तोच. ६० टक्क्यांची टेस्ट त्या ५ टक्क्यांच्या सरावावरच उभी असते. रोज घरी तासभर आणि टेस्टच्या आठवड्यात त्याहून जास्त, एवढा वेळ तिच्या वेळापत्रकात खरोखर आहे का, हे दोघी मिळून कागदावर मांडा. नृत्याचा क्लास, रविवारची मराठी शाळा, एसएटीची तयारी, बाकीचे एपी सगळं धरून.

लॅबकडे जास्त लक्ष द्या, कारण आपल्याकडे प्रात्यक्षिक म्हणजे जर्नल पूर्ण करून सही घेणं अशी सवय असते. एपीच्या अटींनुसार वर्गाचा निदान २५ टक्के वेळ प्रयोगांना द्यावा लागतो. वर्षात कमीत कमी १६ प्रयोग, आणि त्यातले किमान सहा असे, की पद्धत विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवायची. बहुधा म्हणूनच तुमच्या शाळेत लॅबला २५ टक्के आहेत.

टायट्रेशन घ्या. व्हिनेगरमधलं आम्ल मोजायचं, ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड. ब्युरेटवर खुणा ०.१ मिलीलिटरच्या असतात, पण वाचन ०.०१ पर्यंत अंदाजाने लिहायचं: २३.४० असं, २३.४ नाही. शेवटचं शून्य गाळलं की सार्थक अंक चुकले. ब्युरेट नुसत्या पाण्याने धुऊन भरलं, तर आत राहिलेलं पाणी द्रावण पातळ करतं, तेवढ्याच आम्लाला जास्त मिलीलिटर लागतात आणि आम्लाची तीव्रता प्रत्यक्षापेक्षा जास्त निघते. म्हणून ब्युरेट त्यात भरायच्या द्रावणानेच विसळायचं. शंकुपात्र मात्र ऊर्ध्वपातित पाण्याने ओलं असलं तरी बिघडत नाही, कारण आत पिपेटने घातलेल्या आम्लाचे मोल तेवढेच राहतात. तोटीत हवेचा बुडबुडा राहिला आणि मध्येच निघून गेला, तरी वाचन वाढतं. रिपोर्टमध्ये "मानवी चूक झाली" लिहिणाऱ्याला काही मिळत नाही. कोणती चूक, त्याने कोणता आकडा वाढला, आणि शेवटचं उत्तर कोणत्या बाजूला गेलं, हे तिन्ही लिहायचं. लेखी परीक्षेतही असे प्रश्न येतात.

लॅबची वही बांधलेली असावी, पेनने लिहावी, तारीख टाकावी, चूक झाली तर एक रेघ मारावी, पान फाडू नये. ती वही पदवीपर्यंत जपून ठेवा. काही कॉलेजं एपीच्या जोरावर क्रेडिट देण्याआधी (म्हणजे तो कोर्स झाला असं धरण्याआधी) लॅबचं काम दाखवायला सांगतात. रिपोर्टबद्दलही स्पष्ट बोलून ठेवा: प्रयोगातले आकडे जोडीदाराबरोबर सामायिक असतात, पण आकडेमोड आणि निष्कर्ष ज्याचे त्याने लिहायचे. ग्रुप चॅटवर फिरलेला परिच्छेद दोन रिपोर्टांत सापडला तर दोघींवरही कारवाई होते, ज्या मुलीने दिला तिच्यावरसुद्धा. चॅटबॉटकडून निष्कर्ष लिहून घेण्याबद्दल पॉलिसीत काय आहे तेही वाचा.

आता डिसेंबर. तीन आठवडे म्हणजे नाताळच्या सुट्टीपलीकडे आठवडाभर तरी शाळा बुडणार. व्याख्यान चुकलं तर व्हिडिओ पाहून भरून निघतं, लॅबचं तसं नाही. द्रावणं ताजी करावी लागतात, उपकरणं मांडावी लागतात, आणि एकट्या मुलीला लॅबमध्ये सोडता येत नाही, शिक्षकाला थांबावं लागतं. "आठवड्याच्या आत" हा नियम त्यामुळेच आहे. न्यू जर्सीत दिवाळी राज्याच्या धार्मिक सुट्ट्यांच्या यादीत आहे, त्या दिवशी गैरहजर राहिल्याबद्दल गुण कापता येत नाहीत आणि बुडलेली टेस्ट नंतर द्यायची संधी द्यावी लागते. लग्नासाठीच्या प्रवासाला ते संरक्षण नाही. म्हणून शक्य असेल तर मुलीचं परतीचं तिकीट शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधीचं काढा, जेट लॅगचा एक दिवस धरून. तुम्ही मागे थांबलात तरी चालेल. ते जमणारच नसेल तर सप्टेंबरातच शिक्षकांना ईमेल करा: नेमक्या तारखा, त्या आठवड्यात लॅब किंवा टेस्ट आहे का, आणि जाण्याआधी ती देता येईल का. नोव्हेंबरच्या शेवटी कळवलेल्या प्रवासासाठी शिक्षक वेळापत्रक हलवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

मावसबहिणीबद्दल. अर्ध्या अभ्यासक्रमाला त्यांचा मोठा आधार होईल. बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकातली आयनिक समतोल, रासायनिक ऊष्मागतिकी, विद्युत रसायन आणि रासायनिक गतिकी ही चार प्रकरणं एपीच्या उत्तरार्धाशी बरीचशी जुळतात. आम्ल-आम्लारीला एकट्याला परीक्षेत ११ ते १५ टक्के वजन आहे, तेव्हा बफर आणि कमकुवत आम्लाचा पीएच त्यांच्याकडून पक्का करून घ्या. पण हॅलोजन अनुजातांपासून अमाइनपर्यंतचं ऑरगॅनिक एपीत नाही. नामांकित अभिक्रिया नाहीत, पुंज अंक (क्वांटम नंबर) मांडायचे नाहीत, संख्यात्मक (कोलिगेटिव्ह) गुणधर्मांवर प्रश्न नाहीत. त्यांनी प्रेमाने तेही शिकवायला घेतलं तर मुलीचा वेळ जाईल. उलट सर्वांत जड घटक, म्हणजे पदार्थ आणि मिश्रणांचे गुणधर्म, १८ ते २२ टक्क्यांचा आहे आणि त्यात रेणूंमधली बलं आकृती काढून, शब्दांत समजावून सांगायची असतात. त्यासाठी कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न आणि गुणदानाचे निकष मोफत आहेत. मावसबहिणीला ते आधी वाचायला द्या. मग दर झूमच्या तासाला मुलीने एक उत्तर लिहायचं आणि मावशीने निकष समोर ठेवून, हात आखडता न घेता ते तपासायचं. याहून उपयोगी शिकवणी मला दिसत नाही.

उन्हाळ्यात फार काही नको. नायट्रेट, सल्फेट, फॉस्फेट, कार्बोनेट, अमोनियम असे बहुअणू आयन सूत्र आणि भारासकट पाठ, संयुगांची नावं, मोलवरची गणितं आणि मर्यादित अभिकारक हातखंडा. आयनांचा भार आठवत नसेल तर निव्वळ आयनिक समीकरण लिहिता येत नाही, आणि तिथूनच ऑक्टोबरात घसरण सुरू होते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सगळं कोंबण्यापेक्षा रोज वीस मिनिटं पुरतात.

ग्रेड आणि स्कोअर यांची गल्लत करू नका. ट्रान्सक्रिप्टवरचा (शाळेच्या गुणपत्रिकेवरचा) ग्रेड शिक्षक देतात, तो जूनमध्येच लागतो. १ ते ५ मधला एपीचा स्कोअर जुलैत येतो आणि त्याने ग्रेड बदलत नाही. वर्गात बी असलेली मुलगी परीक्षेत ५ आणू शकते. ५ साठी नव्वद टक्के लागत नाहीत. क्रेडिट बहुधा ४ किंवा ५ ला मिळतं, काही ठिकाणी ३ लाही. मुलीला मेडिकलला जायचं असेल तर मात्र क्रेडिटच्या भरवशावर राहू नका, कारण बऱ्याच मेडिकल स्कूलना केमिस्ट्री कॉलेजात केलेली हवी असते.

पॉलिसीत नसलेली एक तारीख गाइडन्स काउन्सेलरला (शाळेतल्या विषयनिवडीच्या सल्लागाराला) विचारून घ्या: ट्रान्सक्रिप्टवर शेरा न येता विषय कधीपर्यंत सोडता येतो. बहुतेक शाळांत ती सप्टेंबर-ऑक्टोबरात असते, म्हणजे दुसऱ्या टेस्टच्या आसपास. पहिल्या टेस्टला सी आला तर घाबरून सोडू नका, लेखी उत्तरांची सवय लागायला तेवढा वेळ जातोच. दुसऱ्या टेस्टलाही सी असेल आणि चुका मोलच्या गणितातच असतील, तर त्या तारखेआधी शिक्षकांशी बोलून निर्णय घ्या. चुका कारणं लिहिण्यातल्या असतील तर विषय ठेवा, त्या सरावाने जातात.