काळी माणसं तांबडी कशी झाली?

प्रश्न : लेकीकडे लंडनला गेले होते, तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रीक मातीची भांडी पाहिली. काहींवर तांबड्या अंगावर काळी माणसं, तर काहींवर नेमकं उलट. ही दोन वेगळ्या गावांची कला का? आणि अडीच हजार वर्षं टिकलेला तो काळा रंग कसला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. तो रंग नाहीच. भांडं ज्या लोहयुक्त मातीचं, बहुधा त्याच मातीचा तो लेप. माती पाण्यात कालवून ठेवली की जाड कण तळाशी बसतात आणि वर सायीसारखी तलम माती उरते. चित्र काढायचं ते तिनंच.

बाकी सगळं भट्टीच्या हातात. आधी मोकळी हवा. सगळं तांबडं होतं. मग ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास हवेच्या वाटा बुजवून ओलं लाकूड घालायचं, सगळं काळं. शेवटी पुन्हा हवा सोडायची. भांड्याची माती सच्छिद्र असते, ती हवा घेऊन परत तांबडी होते. तलम लेप मात्र तोवर काचेसारखा मिटलेला असतो. त्याच्या आत हवा शिरत नाही, म्हणून तो काळाच राहतो.

मी कुंभारकाम शिकवते, म्हणून हे स्वतः करून पाहिलं. पहिल्या खेपेला भट्टीचा जाळ कमी पडला आणि लेप मिटायच्या आतच मी हवा सोडली. बाहेर आलेल्या वाडग्यावरचं चित्र तांबड्यात तांबडं होऊन गेलं होतं. अथेन्सचे कारागीर हे सगळं तापमापकाशिवाय ओळखत, हे आठवलं की आजही माझे हात जोडले जातात.

आता गावाचं. लंडनला तुम्ही पाहिलेली दोन्ही प्रकारची भांडी बहुतेक अथेन्सचीच असणार. या भांड्यांच्या आधी, इसवी सनापूर्वी आठव्या शतकात, तिथल्या भांड्यांवर नागमोडी आणि चौकोनी नक्षीच भरलेली असे. माणूस यायचा तो त्रिकोणी छातीचा, काडीसारखा. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात दीड मीटरहून उंच असा एक रांजण आहे, कबरीवर उभा करायचा. त्याच्या मधल्या पट्ट्यात प्रेत ठेवलंय आणि भोवती डोक्याला हात लावून रडणारी माणसं. पुढे पूर्वेकडच्या व्यापाराबरोबर सिंह, स्फिंक्स (माणसाच्या तोंडाचे सिंह), कमळं आली. इ.स.पू. ७००च्या सुमारास कोरिंथ या दुसऱ्या ग्रीक शहरातल्या कारागिरांनी काळी आकृती काढून तिच्यात अणकुचीदार हत्यारानं रेघा कोरायला सुरुवात केली. अथेन्सनं ती रीत उचलली आणि कळसाला नेली.

अथेन्सचा कुंभार-चित्रकार एक्झेकिआस, त्याचं एक भांडं व्हॅटिकनमध्ये आहे. अकिलीझ आणि अजॅक्स हे ट्रॉयच्या युद्धकथेतले वीर भाले न सोडता खेळाच्या पटावर वाकलेत. एकाच्या तोंडापुढे त्याचं दान ‘चार’ लिहिलंय, दुसऱ्याच्या पुढे ‘तीन’. झग्यांवरची नक्षी केसाएवढ्या रेघांनी कोरलेली. काळ्या पद्धतीत याहून पुढे जाणं अवघड होतं, असं मला मनापासून वाटतं. कोरलेली रेघ धारदार असते, पण तिला कुंचल्यासारखं सहज वळण घेता येत नाही.

म्हणून इ.स.पू. ५२५च्या सुमारास अथेन्समध्येच डाव उलटला. आकृती मातीच्या रंगाची सोडायची, भोवतालचं काळं करायचं आणि आतल्या रेघा कुंचल्यानं ओढायच्या. बॉस्टनच्या संग्रहालयातल्या एका भांड्यावर तोच पटाचा खेळ एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला तांबडा आहे. कुंचला आल्यावर स्नायू वळले, पाठी दिसू लागल्या. म्युनिकमधल्या भांड्यावर युथिमिडीझ या चित्रकारानं नाचणारी माणसं काढली, मधल्याची पाठ पिळवटलेली, आणि आपल्या प्रतिस्पर्धी चित्रकाराला टोमणा मारत शेजारी लिहून ठेवलं : ‘युफ्रोनिओसला हे कधी जमलं नाही.’

पुन्हा लंडनला गेलात तर तांबड्या आकृतीचं भांडं समोरून बघू नका, जरा तिरकं उभं राहून बघा. लेप दाट घेऊन ओढलेली रेघ पृष्ठभागावर किंचित उठलेली असते. उजेडात ती चमकते.