एच-वन-बी झाल्यावर पगारातून कापली जाणारी सोशल सिक्युरिटी भारतात परतल्यावर मिळते का?

अमेरिकेत शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर होतात, तोवर हे कापलं नाही. ऑक्टोबरात एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा लागू झाला आणि पेस्टबवर, म्हणजे पगाराच्या स्लिपवर, कपातीच्या दोन नव्या ओळी आल्या. परत गेलात तर हे पैसे पीएफसारखे काढता येतील का, असं तुम्ही विचारताय.

नाही येत. कारण हा पीएफ नाहीच. पीएफमध्ये तुमच्या नावावर रक्कम साठते, तिला व्याज लागतं. इथे पहिली ओळ सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी पेन्शनची: तुमच्या पगाराच्या ६.२ टक्क्यांतून आजच कुणा आजोबांचं पेन्शन जातं. दुसरी ओळ मेडिकेअरची, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याची, १.४५ टक्के. पंधरवड्याचा पगार ३,००० डॉलर धरला तर १८६ आणि ४३.५०, म्हणजे २२९.५० गेले. तेवढेच कंपनीही भरते, पण ते स्टबवर दिसत नाहीत. ओपीटीवर सुटलात, कारण एफ-वन या विद्यार्थी व्हिसावाल्यांना साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं माफी असते.

तुमच्या नावावर साठते ती फक्त नोंद: कुठल्या वर्षी किती कमावलंत. नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर १९३६ साली निघाला तो त्यासाठीच. बँका आणि घरमालक तो मागायला लागले ते नंतर. या कमाईवर वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट, म्हणजे गुण, मिळतात, चाळीस झाली की पेन्शनचा हक्क. म्हणजे किमान दहा वर्षं. सहा वर्षांत पुण्याला परतलात तर हाती काही नाही. जर्मनी, जपानशी अमेरिकेचा करार आहे, दोन्हीकडची वर्षं जोडून धरतात. भारताशी तसा करार नाही, ही आपली जुनीच रड. क्रेडिट मात्र बुडत नाहीत. पुन्हा आलात तर तिथूनच पुढे मोजतात.

म्हणून पैशांपेक्षा नोंद सांभाळा. लग्नानंतर माझं मधलं नाव आणि आडनाव, दोन्ही बदललं. नवा पासपोर्ट ऑफिसात दिला, पेरोलनेही नाव बदललं, पण सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जायचं राहूनच गेलं. डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला, आला नव्या नावाने, नंबर मात्र जुन्या नावाचा. दोन वर्षांनी सहज त्यांच्या साइटवर खातं उघडलं तर त्या वर्षापुढे शून्य! पैसे कापले होते, सरकारजमाही झाले होते, पण नाव न जुळलेल्या कमाईची त्यांच्याकडे एक वेगळी फाइल असते, तिच्यात ते वर्ष पडून होतं. दोन्ही पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि डब्ल्यू-टू घेऊन गेले. मधलं नाव आधी वडिलांचं होतं, आता नवऱ्याचं आहे, हे खिडकीमागच्या बाईंना पटवण्यातच दहा मिनिटं गेली. मग आकडा भरला गेला.

अशी चूक साधारण तीन वर्षं, तीन महिने, पंधरा दिवसांच्या आत दाखवावी लागते. पुढे किचकट होतं. तुम्हीही खातं उघडून बघा. ओपीटीच्या वर्षांपुढे शून्य दिसेल, तेवढं बरोबर आहे.