धावताना आणि सायकल चालवताना गाणी ऐकावीत का? शर्यतीत चालतं का?

धावताना खुशाल ऐका, सायकलवर अजिबात नको. माझं मत इतकं स्पष्ट आहे.

सायकलवर आधीच कानात वारा घोंगावत असतो. मागून येणारा ट्रक आपल्याला दिसायच्या आधी ऐकू येतो, टायरची ती घरघर वाढत जाते. तीच गाण्यात बुडाली तर वळून बघायचं सुचतच नाही. गाणी हवीतच तर घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) ऐका.

धावताना मात्र संगीताचा खरा फायदा होतो. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कारागिऑर्गिस यांनी यावर बरीच वर्षं संशोधन केलंय. हलक्या-मध्यम वेगात त्याच धावण्याचे कष्ट कमी जाणवतात. जीव तोडून पळताना तो परिणाम ओसरतो, कारण शरीराची ओरड गाण्यापेक्षा मोठी होते. म्हणून लांब, संथ रनला गाणी लावा. इंटरव्हलला, म्हणजे थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून-पालटून पळताना, स्वतःचा श्वास ऐका, वेग तिथेच कळतो.

शर्यतीचं म्हणाल तर ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल आणि धावणं सलग) हेडफोनला बंदी असते, कान उघडे ठेवून हाडांतून आवाज पोचवणारे बोन कंडक्शनवालेही चालत नाहीत. मॅरेथॉनमध्ये हौशी धावकांना बहुतेक ठिकाणी सूट मिळते, पण बक्षिसासाठी पळणार असाल तर नियमावली आधी वाचा, नाहीतर बाद व्हाल. आणि शर्यतीत गाणी नसणार असतील तर शेवटचे काही आठवडे सरावही त्यांच्याशिवायच करा.