मान वाकडी, दोष डोळ्यात

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. बसायला लागल्यापासून मान डाव्या खांद्याकडे कलती ठेवतो. आठ महिने मानेचे व्यायाम केले, काडीचा फरक नाही. आता एक डॉक्टर म्हणतात, दोष उजव्या डोळ्याच्या नसेत आहे, तोही जन्मापासून. पण त्याची नजर तर चांगली आहे! मी सारखी 'मान सरळ कर' म्हणते आणि तो रडतो. – एक आई

उत्तर : ताई, ते 'मान सरळ कर' आजच थांबवा. मान सरळ केली की त्याला एका चेंडूचे वर-खाली दोन चेंडू दिसत असतील. कलती ठेवली की एकच. त्याची नजर चांगली राहिली ती या कलत्या मानेमुळेच.

डोळा हलवणाऱ्या सहा स्नायूंपैकी एकाचा दोर खोबणीच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातल्या कप्पीवरून वळतो. डोळा खाली आणणं हे त्याचं एक काम. त्याची नस म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी चौथी, सगळ्यांत बारीक. ती जन्मतः कमजोर असली की डोळा वर सरकतो. पुष्कळ मुलांत तर तो दोरच सैल असतो.

तो चित्रं बघण्यात रमला असताना त्याचा उजवा डोळा तळहाताने झाका. मान आपोआप सरळ होऊ लागली, तर दोष डोळ्याचा. माझ्याकडे येणारी अशी कितीतरी मुलं आधी मानेचे व्यायाम करून थकलेली असतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. तपासताना आम्ही मान उजव्या खांद्याकडे कलवतो. तेव्हा उजवा डोळा आणखी वर जातो.

दोन डोळ्यांच्या उंचीतला फरक थोडा असेल तर प्रिझमच्या, म्हणजे दोन प्रतिमा सरकवून एकत्र आणणाऱ्या काचेच्या चष्म्याने भागतं. मान एवढी कलत असेल तर मात्र शस्त्रक्रियाच बरी. बहुतेक वेळा डोळा वर ओढणारा दुसरा स्नायू सैल करतात. लहान मुलांना पूर्ण भूल लागते. काही मुलांत ती दुसऱ्यांदाही करावी लागते, हे आधीच सांगून ठेवते. घाई नाही, पण वर्षानुवर्षं लांबवू नका. कललेल्या बाजूचा गाल वाढीत मागे पडतो.

तपासणीला तान्हेपणापासूनचे फोटो न्या. त्यांतही मान अशीच दिसली, तर दोष जुना आहे हे डॉक्टरांना लगेच कळेल. एखाद्या मुलाची मान अचानक कलू लागली किंवा डोक्याला मार लागल्यावर दोन-दोन दिसू लागलं, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.