शंका-समाधान : मल्टीबँड लावावा कुठे, काढावा कुठून

प्रश्न : गायिका बहुतेक ओळी माइकपासून वीतभर अंतरावरून गाते, पण हळुवार ओळींना पुढे झुकते आणि तेवढ्याच जागी आवाज घुमतो. ईक्यूने (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं साधन) २०० हर्ट्झ कापलं तर बाकीचं गाणं किरटं वाटतं. इथे मल्टीबँड कॉम्प्रेसर चालेल का?

उत्तर : चालेल, याच कामासाठी तो असतो. साधा कॉम्प्रेसर मोठा झालेला सगळा आवाज दाबतो; मल्टीबँड आवाज फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, विभागून प्रत्येक पट्टा वेगळा दाबतो. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून आवाज घेणाऱ्या) माइकच्या जवळ गेलं की खालच्या फ्रिक्वेन्सी फुगतात. म्हणजे दोष एका पट्ट्यापुरता आहे आणि अधूनमधून येतो. तो कायम असता तर ईक्यू पुरला असता. सगळा आवाजच वरखाली होत असता तर साधा कॉम्प्रेसर.

एकच बँड चालू ठेवा, बाकीच्यांचा रेशो (दाबण्याचं प्रमाण) १:१ करा, म्हणजे ते काहीच दाबणार नाहीत. तो बँड सोलो करून (एकटाच वाजवून) त्याचे दोन्ही क्रॉसओव्हर, म्हणजे बँडच्या सीमा, सरकवत ऐका. १२० ते ३०० हर्ट्झमध्ये घुमणारा भाग बहुतेक सापडतो. आता सोलो काढा, नाहीतर पुढचे सगळे निर्णय चुकतील. झुकून गायलेली ओळ लूपवर टाका. रेशो ३:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १५ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १२० मिलिसेकंद. घुमणाऱ्या शब्दांवर ४ ते ६ डीबी गेन रिडक्शन (दाबलेली पातळी) दिसेपर्यंत थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीपासून दाबणं सुरू होतं ती, खाली आणा. मग नेहमीच्या अंतरावरची ओळ वाजवा. तिथे गेन रिडक्शनचा काटा हलता कामा नये.

मेकअप गेन (दाबल्यावर पातळी परत वाढवणं) शून्य. ऑटो मेकअप चुकून चालू राहिला तर चांगल्या ओळींचाही तळ फुगतो, आणि जो दोष चार जागी होता तो गाणंभर पसरतो. रिलीज ४०० मिलिसेकंदांवर नेला तर घुमलेल्या शब्दामागचा शब्द पातळ निघतो. सहा डीबीच्या पुढेही जाऊ नका : काळी चारचा षड्ज २०८ हर्ट्झला येतो, म्हणजे नेमका याच बँडमध्ये. जास्त दाबलं तर घुमण्याबरोबर मूळ सूरही जाईल.

हा मल्टीबँड प्लगिन (सॉफ्टवेअरमधलं साधन) साध्या कॉम्प्रेसरच्या आधी ठेवा. नंतर ठेवला तर फुगलेला तळ आधी साध्या कॉम्प्रेसरलाच जागा करतो, आणि तो व्यंजनांसकट सगळा आवाज खाली ओढतो. अशा जागा दोन-तीनच असतील तर मात्र एवढा खटाटोप नको; ईक्यूचं ऑटोमेशन करा, म्हणजे तो तेवढ्या शब्दांपुरताच आपोआप बदलेल.

प्रश्न : बेस गिटारचा खालचा भाग स्थिर राहावा म्हणून १०० हर्ट्झखालचा बँड ४:१ ने दाबला. आता काही स्वर घट्ट आहेत, काही सुटतात, आणि सगळ्यात खालच्या स्वरांवर घरघर येते. अटॅक १ मिलिसेकंद, रिलीज २० मिलिसेकंद आहे.

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. घरघर वेळेमुळे येते. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन सुमारे २४ मिलिसेकंदांचं. तुमचा कॉम्प्रेसर त्या एका आवर्तनाच्या आतच दाबतो आणि सोडतो, त्यामुळे तरंगाचा आकारच मोडतो. अटॅक ३० ते ४० मिलिसेकंद आणि रिलीज २०० च्या आसपास न्या.

स्वर सुटतात ते क्रॉसओव्हरमुळे. सगळ्यात वरची मोकळी तार ९८ हर्ट्झची असते. तिच्यावर पहिल्या पडद्यापासून पुढे वाजवलेला प्रत्येक स्वर १०० च्या वर, म्हणून तुमच्या बँडच्या बाहेर. क्रॉसओव्हर २०० ते २५० हर्ट्झवर ठेवा. बाराव्या पडद्यापर्यंतचे मूळ स्वर एकाच बँडमध्ये राहतील आणि बोटांचा टणत्कार वरच्या बँडमध्ये मोकळा राहील.

प्रश्न : मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) चार बँडचा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, लावला की गाणं मोठं आणि भरदार वाटतं, पण दुसऱ्या दिवशी ऐकताना सपाट लागतं. झांजाही सळसळत राहतात.

उत्तर : मोठं होतं म्हणूनच भरदार वाटतं. एक डीबीचा फरकही कानाला फसवतो. बायपास करताना (प्लगिन तात्पुरता बंद करून ऐकताना) दोन्हींची पातळी सारखी केल्याशिवाय तुलनाच करू नका.

प्रीसेटमधला थ्रेशोल्ड दुसऱ्या कुणाच्या पातळ्यांना जुळवलेला असतो; तुमचं गाणं किती जोरात येतंय हे त्याला कळत नाही. चारही बँड पाच-सहा डीबी दाबत असतील तर अंतरा आणि ध्रुवपदातला रंगाचा फरक पुसला जातो, आणि वरच्या बँडचा मेकअप झांजांची विरत जाणारी शेपटी उचलून धरतो. ती सळसळ हीच.

बँड पाडण्याची कल्पना चांगलीच आहे. १९६५ च्या डॉल्बी ए या नॉइज रिडक्शनमध्येही आवाज चार पट्ट्यांत विभागला होता, म्हणजे खालच्या जोरकस ठोक्याने वरच्या पट्ट्यातली टेपची खरखर वरखाली होऊ नये. पण पट्टे वेगळे आहेत म्हणून सगळे वापरायचे असं नाही. प्रीसेट पुसा. रेशो १.५:१, गेन रिडक्शन १ ते २ डीबी, आणि ज्या बँडमध्ये तक्रार आहे तेवढाच चालू. त्याआधी तक्रार कोणत्या ट्रॅकची आहे ते शोधा. ३ किलोहर्ट्झची बोच एका गिटारमुळे असेल तर मास्टरवरून दाबल्यावर गायकाचे शब्दही मागे जातील.

प्रश्न : ड्रम बसची (सगळे ड्रम एकत्र केलेल्या ट्रॅकची) एक प्रत मल्टीबँडमधून काढून मूळ आवाजात मिसळली, तर आवाज पोकळ झाला. लेटन्सी (प्रक्रियेमुळे होणारा उशीर) जुळलेली आहे.

उत्तर : फेज, म्हणजे तरंग आवर्तनात कुठे आहे ते, तपासा. नेहमीचे २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचे लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर (बँड वेगळे करणाऱ्या फिल्टरचा एक प्रकार) पुन्हा एकत्र आले की पातळी सपाट राहते, पण क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीला फेज १८० अंश फिरलेली असते. तिथे मूळ आवाज तेवढ्याच पातळीने मिसळला की दोन्ही एकमेकांना खातात. खात्री करायची तर सगळे बँड १:१ वर ठेवून मिसळा; पोकळपणा तसाच राहिला तर कॉम्प्रेशनचा त्यात काही दोष नाही.

प्लगिनमध्येच मिक्स नॉब असेल तर तो वापरून हीच चाचणी घ्या, बऱ्याच प्लगिनमध्ये ही भरपाई केलेली असते. लिनिअर फेज (फेज न फिरवणारे फिल्टर) निवडलात तर पोकळपणा जाईल, पण लेटन्सी वाढेल आणि किकच्या आधी बारीक फसफस ऐकू येऊ शकते. एखाद्याच पट्ट्याचं काम असेल तर डायनॅमिक ईक्यू (आवाज ठरावीक पातळीपलीकडे गेला तरच काम करणारा ईक्यू) जास्त सोयीचा : तो गप्प असताना फेजला हात लावत नाही.

प्रश्न : रेकॉर्ड करतानाच मल्टीबँडमधून घेतलं तर?

उत्तर : नको, एकदा दाबलेला पट्टा मागाहून पूर्ववत करता येत नाही. २४ बिटला शिखरं −१० डीबीच्या आसपास ठेवून कोरडं, म्हणजे काहीही न लावता, रेकॉर्ड करा. गायकाला हवाच असेल तर त्याच्या हेडफोनच्या वाटेवर लावा, आणि तिथे लिनिअर फेज बंद ठेवा. नाहीतर स्वतःचा आवाज त्याला उशिरा ऐकू येईल.