अंदाज पडताळायला सुरुवात करताय?

वही घालून रोजचा हवामानाचा अंदाज टिपताय, फार छान! पहिल्या पावसाळ्यात काही गोष्टी सांभाळा.

सगळ्यात जास्त घोळ 'तुरळक ठिकाणी' या शब्दांवर होतो. हवामान खात्याच्या भाषेत त्याचा अर्थ, त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस. म्हणजे तुमच्या अंगणात थेंबही न पडता अंदाज बरोबर ठरू शकतो. पहिल्या वर्षी मी नुसत्या घरच्या पर्जन्यमापकावरून 'चुकला' असे शेरे मारले होते. नंतर ते सगळे खोडावे लागले.

'70 टक्के शक्यता' तर एका दिवसावरून तपासताच येत नाही. असे 100 दिवस जमवा आणि त्यातले साधारण 70 ओले निघाले का, ते बघा. धीर लागतो, पण खरी पडताळणी हीच.

आणखी दोन चुका टाळा:
- इशाऱ्याचा रंग म्हणजे पावसाचे मिलिमीटर नव्हेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा.
- अंदाजाच्या एकाच नकाशावर विसंबू नका. सुरुवातीच्या नोंदींत किंचित फरक करून तेच मॉडेल (हवामानाचं गणित मांडणारा संगणकी कार्यक्रम) अनेकदा चालवतात. उत्तरं पांगली, तर भरवसा कमी.

अंदाजाला गुण देण्याची सूत्रं सध्या राहू द्यात. जूनअखेर वही घेऊन या, एकत्र बसून पाहू.