फिजीचे जुने निकाल वाचताना आधी सरकारी बाकं मोजा

प्रश्न दोन आहेत: १९२९ साली फिजीच्या विधान परिषदेवर निवडून गेलेल्या तिघा भारतीयांनी लगेच राजीनामे का दिले, आणि १९६६च्या 'क्रॉस-व्होटिंग' जागा म्हणजे नेमकं काय?

कोण जिंकलं ते नंतर बघा. फिजी तेव्हा ब्रिटिश वसाहत होती; आधी परिषदेत सरकारी सदस्य, म्हणजे गव्हर्नरच्या बाजूने बसणारे अधिकारी, किती ते बघा. १९०४च्या रचनेत सरकारी १०, बाकीचे ८. १९२९ला १३ विरुद्ध १२. १९३७ला १६ विरुद्ध १५. १९६३ला १९ विरुद्ध १८. जागा वाढत गेल्या, मतदार वाढत गेले, पण गव्हर्नरचं बहुमत काही हललं नाही. हा योगायोग नव्हे.

१९२९च्या त्या बारांमध्ये सहा निवडलेले युरोपीय, तीन नेमलेले मूळ फिजीयन आणि तीन निवडलेले भारतीय. १९२१च्या जनगणनेत भारतीय ६०,६३४ आणि युरोपीय ३,८७८ होते; जागा मात्र युरोपीयांना दुप्पट. मतदारयाद्या वंशवार वेगळ्या. मत फक्त पुरुषांना, तेही मालमत्ता किंवा उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना. विष्णू देव, परमानंद सिंग आणि जेम्स रामचंदर राव निवडून आले ते सगळ्यांची एकच यादी हवी ही मागणी घेऊन. नोव्हेंबरमध्ये विष्णू देव यांनी तसा ठराव मांडला. बाजूने तीनच मतं पडली, आणि तिघांनी राजीनामे देऊन सभागृह सोडलं. मूळ फिजीयनांना आणि स्त्रियांना मत मिळायला १९६३ उजाडलं.

१९६६ला सरकारी बहुमत गेलं, वंशवार वाटप राहिलं. ३६ जागा अशा: फिजीयन १४ (त्यातल्या दोन सरदारांच्या महापरिषदेकडून), भारतीय १२, इतर (युरोपीय, चिनी वगैरे) १०. प्रत्येक गटाच्या तीन जागा क्रॉस-व्होटिंगच्या. तिथे उमेदवाराचा वंश ठरलेला, मतदार मात्र सगळे. पुणे करारातल्या राखीव जागा आठवल्या तर कल्पना येईल, फक्त उमेदवारांच्या प्राथमिक निवडीची पायरी इथे नाही.

आकडे लावताना हमखास फसगत होते ती इथेच. एका मतदाराला चार मतं होती: एक आपल्या वंशाच्या यादीवर, आणि क्रॉस-व्होटिंगच्या मतदारसंघात तिन्ही गटांच्या जागांसाठी एकेक. त्यामुळे पक्षाची सगळी मतं एकत्र करून काढलेली टक्केवारी माणसं मोजत नाही. वंशवार जागांची बेरीज वेगळी ठेवा, क्रॉस-व्होटिंगची वेगळी. बिनविरोध जागा असतील तर त्या दोन्हींतून बाजूला काढा.